सासूबाईंचा खांदा आणि माझं धनुष्य

मी धनुष्य बनवायला घेतलं तेव्हा आमच्या घरात कुणालाच धनुष्य नको होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. झालं असं, की माझ्या सासूबाई नागपुरात स्कूटरवरून पडल्या. (स्कूटर त्या स्वतः चालवत होत्या. वय वर्षं एकोणसत्तर. 'मागे बसले असते तर पडलेच नसते, चालवणारीला दोष देता आला असता,' हे त्यांचं म्हणणं.) उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, प्लास्टर निघालं आणि खांदा जो आखडला तो आखडलाच. हात छातीच्या वर जाईना. मग माझी बायको मृणाल नागपूरला जाऊन त्यांना बेंगळुरूला आमच्या मल्लेश्वरमच्या घरी घेऊन आली.

सासूबाई एका शाळेत तीस वर्षं पीटीच्या बाई होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांना त्यांनी उन्हात पळवलंय. पण स्वतः व्यायाम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी, वर्गातल्या सगळ्यात आळशी मुलीने द्याव्यात, अशा सबबी सुरू केल्या. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंनी एक पिवळी रबरी पट्टी दिली होती. ती दाराच्या कडीला बांधायची आणि रोज पन्नास वेळा ओढायची. सासूबाई ती पट्टी दाराला बांधायच्या, तिच्याकडे अर्धा तास बघायच्या आणि सोडून घडी करून ठेवायच्या.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सहा आठवड्यांत हात डोक्यापर्यंत गेला नाही, तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल." सासूबाईंनी त्यावर 'बघू' म्हणून पिशवी उचलली. पण रोज सकाळी मृणाल ऑफिसला निघायच्या घाईत त्यांचा अंबाडा घालून द्यायची, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आयुष्यभर दुसऱ्याला 'मान ताठ!' सांगणारी बाई मान खाली घालून बसलेली बघवत नसे.

एके दिवशी न राहवून मी म्हणालो, "आई, आज पट्टी ओढली का?"

"मले नाही ओढायची ती पट्टी," सासूबाई म्हणाल्या. (रागावल्या की त्यांची भाषा वर्गातून थेट मैदानावर जाते.) "रबर काय ओढायचं? शाळेत मी पोरींना धनुष्यबाण शिकवला आहे. बांबूची धनुष्यं होती आमची! असं एखादं धनुष्य असतं तर ओढलंही असतं, बाप्पा!"

कुठल्याही सुज्ञ माणसाला कळलं असतं, की ही सबब आहे. मला कळलं नाही.

"आई," मी उभा राहून म्हणालो, "मी बनवतो!"

मृणालने लॅपटॉपमधून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत आमचा अख्खा संसार होता.

"तू? गेल्या वर्षी पडद्याचा रॉड लावायला घेतला होतास ना?"

"तो वेगळा विषय आहे."

"भिंत पडली होती!"

"भिंत नव्हती पडली. गिलावा पडला होता."

मी व्हाइटफील्डच्या एका कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत चुका काढणं हा माझा गेल्या बावीस वर्षांचा धंदा. स्वतः काही बनवायचं म्हटल्यावर मला असं काही स्फुरण चढलं, की विचारू नका! ऑफिसच्या कॅबमध्ये येता-जाता मी व्हिडिओ बघायला लागलो. बहुतेक सगळ्यांत जंगलात राहणारा एक दाढीवाला माणूस असायचा. तो एक फळी घ्यायचा, गुणगुणत रंधा मारायचा आणि बारा मिनिटांत धनुष्य तयार! व्हाइटफील्डहून मल्लेश्वरमला पोचेपर्यंत माझी अशी पंधरा धनुष्यं बघून होत. (ट्रॅफिक वाईट असेल तर वीस.)

डॉक्टरीणबाईंना फोन करून परवानगीही काढली. त्यांनी आधी सगळा बेत माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "चालेल. पण चार किलोच्या वर ताण नको. आणि कृपा करून आधी तुम्ही स्वतः ओढून बघा."

शनिवारी चामराजपेटला लाकडाच्या वखारीत गेलो. आमच्या खालच्या मजल्यावर सरोजाक्का राहतात. धनुष्याला कन्नडमध्ये 'बिल्लु' म्हणतात हे त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. वखारीचे मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, फळ्यांच्या ढिगाऱ्याआड स्टुलावर बसले होते.

"एनु बेकु, सार?" काय हवं?

"बिल्लु बेकु," मी ऐटीत म्हणालो.

"बिल? देतो की. आधी माल तरी घ्या!"

"बिल नाही हो! बिल्लु, बिल्लु!"

"पक्कं बिलच देतो, सार. आमच्याकडे कच्चं काम नाही."

शेवटी मी डावा हात पुढे केला, एक डोळा मिटला, उजव्या हाताने दोरी ओढली आणि तोंडाने 'सुंऽऽई' असा आवाज काढला. वखारीतल्या दोन्ही करवती थांबल्या. अण्णा स्टुलावरून उठलेच! तीस वर्षं चौकटी आणि पलंग विकून ते कंटाळले असावेत. त्यांनी आतून एक पांढुरकी, हलकी फळी काढली. ॲश नावाचं बाहेरून येणारं लाकूड. हिंदी-कन्नडची मिसळ करत ते म्हणाले, "ही न्या. हिच्या रेषा बघा, या टोकाला आत शिरल्या की थेट त्या टोकाला बाहेर. मध्येच कडेने पळून जात नाहीत. ही वाकेल."

मला ती फळी जरा किरकोळच वाटली. शेजारी सागवानाची एक तांबूस, भारदस्त फळी उभी होती.

"मला सागवान द्या."

"सार, सागवान दाराला. बिल्लुला हे."

"नको, सागवानच."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही ऑफिसात नव्या मुलाकडे पाहतो. "सरी, सरी," म्हणाले आणि फळी बांधून दिली.

सहा फुटांची ती फळी रिक्षात आडवी बसेना म्हणून तिरकी घातली. तिचं एक टोक माझ्या मांडीवर, दुसरं रिक्षावाल्याच्या कानाला. प्रत्येक खड्ड्याला फळी त्याच्या कानात काहीतरी सांगायची. "सार, स्वल्प मागे घ्या," तो म्हणायचा. मी स्वल्प मागे घ्यायचो, की टोक मागच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटला टेकायचं. मल्लेश्वरमला उतरलो तेव्हा रिक्षावाल्याने पहिल्यांदा स्वतःचा कान तपासला आणि मग मीटर पाहिला.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी गच्चीत रंधा मारला. फळीच्या मधोमध मूठ ठेवायची, दोन्ही बाजू टोकाकडे निमुळत्या करत न्यायच्या, एवढंच तर करायचं होतं. दाढीवाला गुणगुणायचा, मी धापा टाकायचो. त्याच्या रंध्यातून रेशमासारखी लांब सालं निघायची, माझ्या रंध्यातून कातरलेली सुपारी निघायची! तरी एक दिवस दोरी चढली. (दोरी चढवायला मी आणि मृणाल, दोघं लागलो. मी धनुष्यावर बसलो होतो.)

"आई, ओढा!"

सासूबाईंनी डाव्या, धडधाकट हाताने दोरीला एक झटका दिला. धनुष्य हललंसुद्धा नाही.

"जावईबापू, मले खांदा हलवायचा आहे जी. बैलगाडी नाही ओढायची."

सामान तोलायचा काटा लावून पाहिला, तर तो बावीस किलोवर थांबला. तेही काट्याची ताकद संपली म्हणून! मग मी पुन्हा तासायला बसलो. तास तास तासलं. शेवटी गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीच्या खांबाला धनुष्य अडकवलं आणि काटा बघत हळूहळू ओढायला लागलो. सात किलो… आठ… दोरी जवळजवळ पुरी ओढली तरी काटा नवाच्या आतच! मी आनंदाने ओरडणार, एवढ्यात "कड्‌ड्!" असा आवाज झाला. धनुष्याचा अर्धा भाग माझ्या हातात राहिला आणि उरलेला अर्धा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, सरोजाक्कांनी वाळत घातलेल्या हप्पळांवर, म्हणजे आपल्या पापडांवर, जाऊन पडला. पडल्यावर तो स्वस्थ राहिला असता तरी ठीक होतं. पण तो चादरीवरून घसरत घसरत शेवटच्या पापडापर्यंत गेला!

सरोजाक्का वर आल्या. आधी पापडांकडे, मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"एनायितु?" काय झालं हे?

"बिल्लु," मी म्हणालो.

त्या खाली बसून पापडांचा चुरा गोळा करायला लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या प्रसंगातून सासूबाईंनी मला वाचवलं. त्यांना कन्नडचं अक्षर येत नाही, सरोजाक्कांना मराठीचं. तरी दोघींची खुणांनी काहीतरी बोलणी झाली आणि सासूबाई खालच्या घरात जाऊन पापड लाटायला बसल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा उजवा खांदा चोळत होत्या.

"दुखतंय का गं?" मृणालने विचारलं.

"दुखणारच नं. पण त्या बाईचा हात काय चालतो! मी काय मागे राहू?"

मी पुन्हा चामराजपेटला गेलो. अण्णांनी मला लांबूनच पाहिलं आणि काही न विचारता तीच पांढुरकी फळी काढून समोर ठेवली. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. फक्त बिल करताना खुदकन हसले.

ॲशच्या फळीने खरंच ऐकलं. पण या वेळी मी धोका पत्करणार नव्हतो. धनुष्याच्या पाठीवर कापडाची पट्टी चिकटवली तर लाकडाचे कपचे उडत नाहीत, असं दाढीवाल्याने सांगितलं होतं. मृणालच्या जुन्या लिननच्या ओढणीची पट्टी कापली. (विचारून. मी इतकाही वेडा नाही.) गच्चीत धूळ फार, म्हणून हे काम डायनिंग टेबलावर केलं. सुताराचा पांढरा गोंद सढळ हाताने थापला, पट्टी बसवली, धनुष्य पालथं घातलं आणि त्यावर दाब म्हणून घरातलं जे जड दिसेल ते ठेवलं: कुकर, पिठाचा डबा, मिक्सर, वरवंटा आणि माझ्या ऑफिसने दिलेली 'गुणवत्तेबद्दल'ची ट्रॉफी. खाली वर्तमानपत्र घातलं होतं. गोंदाला त्याची काही अडचण वाटली नाही.

रविवारी सकाळी मी सगळी वजनं उचलली आणि मग धनुष्य उचललं. टेबल उचललं गेलं.

"मृणाल," मी शांतपणे हाक मारली, "आज जेवायला कोणी येणार आहे का?"

"सरोजाक्का! तू फोडलेल्या पापडांसाठी आईने बोलावलंय त्यांना. का?"

सरोजाक्का बारा वाजता नव्या हप्पळांचा डबा घेऊन आल्या. आम्ही जेवायला बसलो. टेबलाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत धनुष्य. दोन्ही बाजूंनी ते वीत-वीतभर बाहेर आलेलं. एका बाजूला सासूबाई आणि मृणाल, दुसऱ्या बाजूला सरोजाक्का आणि मी. वरणाची वाटी धनुष्यावरून पलीकडे, पापड धनुष्यावरून अलीकडे.

"जेवून राहिलो, की टेबल टेनिस खेळून राहिलो?" सासूबाई म्हणाल्या.

त्याचा अनुवाद कुणी केला नाही, पण सरोजाक्का एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जेवण होताच त्यांनी पदर खोचला आणि मला खुणेने बाजूला केलं. माझ्याच घरात मला बाजूला केलं! दोघींनी गरम पाण्यात पंचे बुडवून टेबलावर घातले, उलथण्याची पातळ कड धनुष्याखाली सरकवली आणि एकीने त्या टोकाला, दुसरीने या टोकाला हात घातला.

"ओंदु, एरडु, मूरु!" सरोजाक्का ओरडल्या.

"एक, दोन, तीन!" सासूबाई ओरडल्या.

चर्रर्र आवाज करत धनुष्य निघालं! सोबत टेबलाचं वीतभर पॉलिश आणि वर्तमानपत्रातलं राशिभविष्यही निघालं. जिंकलेल्या चषकासारखं धनुष्य सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं.

दोन्ही हातांनी. डोक्यावर.

"आई," मृणाल कुजबुजली. "आई, तुझा हात!"

"कोणता हात?" सासूबाईंनी वर पाहिलं. क्षणभर त्यांनाही कळेना, की तो वरचा हात कुणाचा. मग "आई गं!" म्हणून त्यांनी तो झटकन खाली घेतला. पण तो जिथे पोचला होता ती जागा आम्ही सगळ्यांनी पाहिली होती.

त्या दिवसापासून धनुष्याचा कारभार माझ्या हातातून गेला. दुसऱ्या दिवशी गच्चीत खुर्ची आली, खुर्चीवर सासूबाई आल्या आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी आली. (ही शिट्टी त्या नागपूरहून बरोबर घेऊन आल्या होत्या. का, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.) मी दोरी ओढून धरायची, त्यांनी लांबून डोळे बारीक करून पाहायचं.

"डावी बाजू आळशी आहे. कमी वाकून राहिली. घासा तिले!"

मी घासायला वाकलो, की त्या उठून यायच्याच. "असं नाही जी, असं!" पॉलिश पेपर माझ्या हातातून काढून त्या स्वतः घासायला लागायच्या. लांब हात, मागे, पुढे, मागे, पुढे. पिवळी पट्टी पन्नास वेळा ओढायचा कंटाळा करणारी बाई ते लाकूड दिवसातून चारशे वेळा घासत होती! शेजारी सरोजाक्का पापड उलटत 'चेन्नागिदे, चेन्नागिदे,' छान आहे, छान आहे, म्हणत होत्या. काटा हळूहळू खाली आला. आठ किलो, सहा, पाच. एका रविवारी तो बरोबर चारावर थांबला, धनुष्य पुरं वाकलं, दोन्ही बाजू सारख्या वाकल्या आणि काहीही मोडलं नाही.

आम्ही गच्चीचं दार लावलं. सरोजाक्कांची जुनी काथ्याची गादी दुमडून भिंतीशी उभी केली, तिच्यावर खडूने वर्तुळ काढलं. सगळ्यांना मागे उभं केलं. विकत आणलेले सहा बाण होते. पहिला मान अर्थातच निर्मात्याचा!

मी छाती काढून उभा राहिलो. ओढलं, सोडलं. दोरी सपकन माझ्या डाव्या हातावर बसली, मी कळवळलो आणि बाण माझ्या पायाशी टप्पकन पडला. दुसरा बाण मात्र जोरात गेला. तो गादीपासून बराच उजवीकडे, वाळत घातलेल्या माझ्याच ऑफिसच्या पँटमध्ये घुसला. कुठे घुसला ते सांगत नाही. त्या वेळी ती मी घातलेली नव्हती, हे देवाचे उपकार.

"सरका," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या. पाय खांद्याएवढे फाकवले. मान ताठ केली. धनुष्य डाव्या हातात घेतलं, उजव्या हाताची तीन बोटं दोरीवर ठेवली आणि ओढायला सुरुवात केली. कोपर छातीपर्यंत आलं आणि थांबलं. मृणालने माझं मनगट असं आवळलं, की दोरीचा मार परवडला. कोपर पुन्हा हललं. वर, अजून वर, खांद्याच्या रेषेत.

"थप्!"

बाण गादीत होता. वर्तुळाच्या बाहेर, पण गादीत! दुसरा वर्तुळाच्या कडेवर. तिसरा आत. चौथा बरोबर मधोमध! सरोजाक्कांनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. (त्या शिट्टी मारतात हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.) मृणाल रडत होती आणि हसतही होती. सासूबाई मात्र धनुष्य माझ्या हातात देऊन खाली गेल्या आणि खोलीचं दार लावून बसल्या.

पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने अंबाडा घातला होता. तो थोडा डावीकडे कलला होता. आमच्यापैकी कुणीही तसं म्हणालं नाही.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, तर त्यांनी तो असा वर केला, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "भूल वगैरे काही नको आता!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही घरी येताना पाव किलो म्हैसूरपाक घेतला आणि रिक्षातच संपवला. माझी छाती तर अशी फुगली होती, की ऑफिसात मी तीन मीटिंगा धनुष्यावरच घेतल्या.

महिनाभराने सासूबाई धनुष्य घेऊन रेल्वेने नागपूरला परतल्या. आता रोज सकाळी सोसायटीच्या मैदानात दहा-बारा बायका गोळा करून त्या तिरंदाजी शिकवतात. परवा त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्या धनुष्याचं फार कौतुक होऊन राहिलं इथे! जो तो विचारते, इतकं सुबक कोणी बनवलं?"

"मग?" मी फोन स्पीकरवर टाकला. मृणालला ऐकू जावं म्हणून आवाजही वाढवला. "काय सांगितलंत तुम्ही?"

"आधी खरं तेच सांगितलं, आमच्या जावयानं बनवलं म्हणून. पण तुम्हाला ओळखणारे आहेत नं इथे दोघंतिघं, लग्नाला आलेले. कोणी विश्वासच ठेवेना! लोक मले खोटारडी म्हणायला लागले. मग काय करता? सांगून टाकलं, दुकानातून आणलं."